दहाचे वीस झाले, पण प्रेसला त्याचं काय?

माणसाचा हात सेकंदाला २ मीटर वेगाने पुढे जातो. हा आकडा खेळाच्या पुस्तकातला नाही. यंत्रांच्या सुरक्षिततेसाठी जगभर वापरलं जाणारं आयएसओ १३८५५ नावाचं एक मानक आहे, त्यात तो दिला आहे. कोणाचा हात? शिफ्टच्या सुरुवातीच्या ताज्या माणसाचा की शेवटच्या तासाला पेंगणाऱ्याचा? मानक या भानगडीत पडत नाही. हात इतक्या वेगाने धोक्याकडे जाऊ शकतो असं धरा आणि पुढचं गणित करा, एवढंच ते सांगतं.

गणित असं. पत्रा कापणाऱ्या किंवा वाकवणाऱ्या पॉवर प्रेसच्या तोंडाशी अदृश्य किरणांचा पडदा बसवतात. वर्कशॉपमध्ये त्याला लाइट कर्टन म्हणतात. बोटं त्या किरणांत शिरली की प्रेसला थांबण्याचा हुकूम सुटतो. पण टनावारी जोर लावणारं यंत्र हुकूम मिळाल्याबरोबर थांबत नाही. समजा त्याला पाव सेकंद लागला. तेवढ्या वेळात हात ५० सेंटीमीटर पुढे गेलेला असतो. म्हणजे पडदा डायपासून, पत्र्याला आकार देणाऱ्या साच्यापासून, किमान ५० सेंटीमीटर दूर हवा. किरणांमधल्या फटी मोठ्या असतील तर आणखी दूर. तोच पडदा कोणी २० सेंटीमीटरवर बसवला तर काय होईल? पडदा चालू, हिरवा दिवा चालू, ऑपरेटर निर्धास्त, आणि प्रेस थांबायच्या आत बोटं डायमध्ये.

अंगावर काटा येतो तो यापुढच्या गोष्टीने. प्रेसचा ब्रेक रोज थोडा थोडा झिजतो. थांबायला पाव सेकंद लागत होता तिथे वर्षा-दोन वर्षांत ०.३५ सेकंद लागू लागतो. आता पडदा आणखी दूर हवा, पण तो तर जुन्याच जागी उभा आहे. कोणी गार्ड काढलेलं नाही, कोणी नियम मोडलेला नाही, कागद सगळे जागच्या जागी आहेत. तरी यंत्र असुरक्षित झालं! आणि जुन्या की-क्लचच्या प्रेसची कथा तर वेगळीच. पेडल दाबलं की ती पूर्ण फेरा केल्याशिवाय थांबतच नाही. तिला मध्येच थांबवण्याची सोयच नसते, त्यामुळे तिच्यापुढे लाखाचा पडदा लावला तरी तो शोभेचा. तिला हवं साधं लोखंडी जाळीचं पक्कं गार्ड, ज्यातून पत्रा जाईल पण बोट जाणार नाही.

हे सगळं आत्ता सांगायचं कारण असं की २१ नोव्हेंबर २०२५ रोजी देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या. २९ जुने कायदे त्यांत विलीन झाले. त्यांतल्या एका संहितेत, म्हणजे व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता २०२० मध्ये, १३ कायदे सामावले आहेत. १९४८ चा फॅक्टरी ॲक्ट त्यातला सगळ्यात मोठा. हुबळीच्या गोकुळ रोडवरचा व्हॉल्व्हचे भाग करणारा असो, तारिहाळचा पॅकिंगवाला असो की धारवाडच्या बेळूर वसाहतीत बस आणि ट्रकच्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणारा असो, प्रत्येक छोट्या मालकाच्या तोंडी पहिला प्रश्न एकच येतो: हा कायदा आपल्याला लागतो का? प्रश्न गैर नाही. पण त्याच्या उत्तरासाठी एका आकड्याची दीडशे वर्षांची चाल पाहावी लागते, आणि ती चाल मोठी नवलाची आहे.

धारवाडपासूनच सुरुवात करू. १८४० च्या दशकात इंग्रजांनी इथल्या काळ्या जमिनीत अमेरिकन कापूस लावला. तो इतका मानवला की ‘धारवाड-अमेरिकन’ या नावाने बाजारात ओळखला जाऊ लागला. त्याच्या मागोमाग सॉ-जिन आले. एका दांड्यावर ओळीने बसवलेल्या दातेरी चकत्या फिरतात, सरकी मागे ठेवून तंतू ओढून घेतात. चकतीच्या दाताला तंतू आणि बोट यांतला फरक कळत नाही. पुढे १८८० च्या दशकात सदर्न मराठा रेल्वे आली, १८८५ मध्ये हुबळीचं रेल्वे वर्कशॉप उभं राहिलं, वाफेवरचे जिन आणि कापसाच्या गाठी बांधणारे प्रेस आले. यंत्र आलं, पण कायदा कुठे होता?

तो मुंबईत आकार घेत होता. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यातच होतं, आणि पुढे १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात. १८७५ मध्ये मुंबईत कारखान्यांच्या चौकशीसाठी आयोग बसला. सोराबजी शापूरजी बेंगाली यांनी कायद्याचा मसुदाच तयार करून दिला. मँचेस्टरचे गिरणीमालकही हिंदुस्थानी मजुरांच्या काळजीने एकाएकी व्याकूळ झाले होते. मुंबईच्या गिरण्या त्यांच्या धंद्याला टक्कर देऊ लागल्या होत्या, हा निव्वळ योगायोग म्हणायचा. हेतू काहीही असोत, १८८१ चा कायदा झाला. त्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी केली, म्हणजे सातव्या वर्षी ठेवायला हरकत नव्हती. यंत्रांना कुंपण घाला असंही त्याने सांगितलं. पण कोणत्या यंत्रांना? जिथे शंभर किंवा जास्त माणसं काम करतात तिथल्या. वर्षाला चार महिन्यांपेक्षा जास्त न चालणारे कारखाने वगळले होते, आणि जिन तर हंगामीच चालायचे. हंगामी कारखान्यांपर्यंत कायदा पोहोचायला १९११ उजाडलं.

दरम्यान कामगारनेते नारायण मेघाजी लोखंडे उभे राहिले. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, हजारो सह्यांचा अर्ज केला, ‘दीनबंधु’ या वृत्तपत्रातून लिहीत राहिले. १८९० च्या जून महिन्यात गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. आज सुटीच्या दिवशी आपण उशिरापर्यंत लोळतो त्यात लोखंड्यांचा वाटा आहे, हे शाळेत कोणी सांगत नाही. १८९१ मध्ये नवा कायदा आला आणि शंभरचा आकडा पन्नास झाला. १९२२ मध्ये पन्नासाचे वीस झाले. स्वातंत्र्यानंतर, १९४८ च्या कायद्यात, विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी वीसाचे दहा झाले आणि विजेविना चालणाऱ्यासाठी वीस ठरले. शंभर, पन्नास, वीस, दहा. सत्तर वर्षं हा आकडा एकाच दिशेने उतरत गेला. प्रत्येक पायरीवर आणखी काही हजार शेड कायद्याच्या छपराखाली आल्या.

नव्या संहितेत हा आकडा देशभरासाठी पहिल्यांदाच वर चढला. विजेवर चालणाऱ्यासाठी दहाचे वीस, विजेविना चालणाऱ्यासाठी वीसाचे चाळीस. छोट्या उद्योगाला कागदांच्या ओझ्यातून सोडवायचं, हा त्यामागचा युक्तिवाद. तो अगदीच पोकळ नाही. बारा माणसांच्या वर्कशॉपवाल्याला डझनभर रजिस्टरं लिहायला लावून कोणाचं बोट वाचत नव्हतं. पण बारा माणसांच्या शेडमधली साठ टनी प्रेस आणि बाराशे माणसांच्या कारखान्यातली साठ टनी प्रेस यांच्यात प्रेसच्या बाजूने काहीच फरक नाही. उलट मोठ्या कारखान्यात मेन्टेनन्सचं खातं असतं, ब्रेकची तपासणी ठरलेल्या तारखेला होते. छोट्या शेडमध्ये मालकच ऑपरेटर, मालकच फिटर, मालकच संध्याकाळी टेम्पोत माल चढवणारा.

इथे एक बारकी गोष्ट पुष्कळांच्या नजरेतून निसटते. वीसाखाली आलो म्हणजे सुटलो, असं समजून जे निर्धास्त झाले आहेत त्यांनी संहिता पुन्हा वाचावी. बारा कामगारांची शेड आता ‘कारखाना’ नसेल, पण दहा किंवा जास्त कामगार असल्यामुळे ती ‘आस्थापना’ आहेच. तिची नोंदणी करावी लागते, त्यासाठी साठ दिवसांची मुदत आहे. आणि मालकाची मूळ कर्तव्यं सगळ्या आस्थापनांना लागू आहेत: कामाच्या जागी इजा किंवा आजार होईल असा धोका नसावा, जागा आणि यंत्र शक्य तितकं सुरक्षित ठेवावं, नेमणूकपत्र द्यावं. ज्या मालकांचा माल धोक्याचा आहे त्यांच्यासाठी तर दहाचा आकडाही पुसला जाऊ शकतो. काम जीवघेणं असेल तर एकच कामगार असलेल्या जागेलाही संहिता लागू करण्याचा अधिकार सरकारने हाती ठेवला आहे.

हा अधिकार कशाला, याचं उत्तर हुबळीजवळच्या तारिहाळमध्ये मिळतं. जुलै २०२२ मध्ये तिथल्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्याला आग लागली. माल काय, तर वाढदिवसाच्या केकवर लावायच्या, ठिणग्या उडवणाऱ्या मेणबत्त्या. कामावर बहुतेक बाया होत्या. अनेक जणी होरपळल्या, हुबळीच्या किम्स रुग्णालयात नेल्या गेल्या, आणि काहींचा जीव वाचला नाही.

केकवरच्या मेणबत्तीने कारखाना कसा जळतो? ठिणगी उडवणाऱ्या वस्तूत साधारणपणे दोन गोष्टी असतात: धातूची बारीक पूड आणि तिला जळायला ऑक्सिजन पुरवणारं रसायन. धातू जळतो हेच आधी आपल्याला पटत नाही. ॲल्युमिनियमची पट्टी गॅसवर धरली तर ती पेट घेत नाही. मग पूड का पेटते? एक सेंटीमीटर बाजूचा धातूचा ठोकळा घ्या. त्याच्या सहा बाजू मिळून ६ चौरस सेंटीमीटर पृष्ठभाग हवेला लागतो. आता त्याच ठोकळ्याचे १० मायक्रॉन बाजूचे कण करा. धातू तेवढाच, वजन तेवढंच, पण पृष्ठभाग हजारपट: ६,००० चौरस सेंटीमीटर. हवेला आणि रसायनाला भिडायला हजारपट जागा मिळाली. शिवाय कण इतका लहान की त्याला तापायला वेळच लागत नाही आणि उष्णता साठवून शांत बसायला त्याच्यात जागाही नाही. म्हणून ठोकळा निमूट बसतो आणि पूड भडकते.

यापुढचं आणखी विपरीत. जळत्या ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियमवर पाणी टाकलं तर धातू पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतो आणि हायड्रोजन मोकळा सोडतो, जो स्वतःच पेटतो. घोंगडी टाकून हवा तोडावी तर मिश्रणात ऑक्सिजन देणारं रसायन आधीच बसलेलं. म्हणजे लहानपणापासून आपण आगीशी झुंजायचे जे दोन उपाय शिकलो ते दोन्ही इथे चालत नाहीत. भिंतीवर टांगलेली लाल बादली अशा शेडमध्ये आधार तर नाहीच, कधी कधी वैरी ठरते. उपाय आग लागण्याआधीचे असतात: एका वेळी टेबलावर मूठभरच मिश्रण, बाकीचा साठा वेगळ्या खोलीत, जमिनीवर सांडलेली पूड तासातासाला उचलणं, आणि प्रत्येक बाईच्या पाठीमागे दहा पावलांवर बाहेर उघडणारं, कुलूप नसलेलं दार. कुलपाचं कारण सांगतो. २५ मार्च १९११ रोजी न्यू यॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात आग लागली, १४६ जण गेले, त्यांत बहुतेक तरुण मुली. कामगारांनी न विचारता बाहेर जाऊ नये, माल पळवू नये, म्हणून एक दार कुलूपबंद होतं. शंभराहून जास्त वर्षं लोटली, पण मागच्या दाराला कुलूप ठेवणारे मालक आजही आहेत आणि कारणही तेच सांगतात.

आता धारवाडची दुर्घटना. १९ मार्च २०१९ रोजी दुपारी कुमारेश्वर नगरातली बांधकाम चालू असलेली एक बहुमजली इमारत कोसळली. १९ जणांचा मृत्यू झाला, पन्नासहून जास्त माणसं ढिगाऱ्यातून बाहेर काढली, आणि ते काम कित्येक दिवस चाललं. वरच्या मजल्यांचं काम चालू असताना खालच्या मजल्यांवर दुकानं सुरू झाली होती. म्हणजे त्या इमारतीत गवंडी आणि मजूर होते तसे गिऱ्हाईकही होते, ज्यांचा बांधकामाशी काही संबंध नव्हता.

या दुसऱ्या प्रकारच्या माणसांसाठी नव्या संहितेत एक वाक्य आहे. मला ते सगळ्या संहितेतलं सर्वांत धारदार वाटतं. आपल्या आवारात असलेल्या माणसांच्या सुरक्षिततेची जबाबदारी मालकाची आहे, ती माणसं तिथे असल्याचं त्याला माहीत असो वा नसो. ‘माहीत असो वा नसो’ हे शब्द नीट पचवावे लागतात. ठेकेदाराने परस्पर आणलेला पोरगा, डबा द्यायला आलेली बायको, माल उतरवणारा ट्रक ड्रायव्हर, सगळे यात आले. वास्तुविशारद आणि प्रकल्प अभियंत्यावरही संहितेने स्वतंत्र कर्तव्य टाकलं आहे: बांधताना काय कोसळू शकतं याचा विचार नकाशाच्या टप्प्यावरच करायचा. यंत्र बनवणाऱ्याला आणि विकणाऱ्यालाही तेच. धोका जिथे जन्मतो तिथेच तो धरायचा, ही कल्पना मला फार आवडते. ती अमलात किती येईल हे मात्र तपासणीवर ठरेल. तपासणीही आता बदलली आहे: निरीक्षकाला ‘निरीक्षक नि सुविधाकार’ म्हणायचं, आणि कोणाकडे जायचं हे संगणकाने सोडत काढून ठरवायचं.

पडणं, जळणं, कापणं डोळ्यांना दिसतं, बातमी होते. न दिसणारं त्याहून मोठं आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या अंदाजानुसार जगात दर वर्षी कामापायी सुमारे ३० लाख माणसं मरतात. त्यांतले अपघातात जातात ३.३ लाख. बाकीचे सुमारे २६ लाख कामाने जडलेल्या आजारांनी जातात, घरी अंथरुणावर, बरीच वर्षं उलटल्यावर, आणि त्यांच्या मृत्यूचा कारखान्याशी संबंध कोणी जोडत नाही.

बेळगाव, कोल्हापूर, हुबळी या पट्ट्यात फाउंड्री आहेत. साच्याच्या वाळूत क्वार्ट्झ असतं. वाळूचा दिसणारा कण निरुपद्रवी. तो नाकात अडकतो, शिंकेबरोबर बाहेर पडतो. घातक कण ५ मायक्रॉनच्या खालचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाहूनही बारीक. तो फुफ्फुसाच्या शेवटच्या पिशवीपर्यंत जातो आणि तिथेच बसतो. शरीराच्या रक्षक पेशी त्याला गिळायला जातात आणि स्वतःच मरतात, तिथे व्रण तयार होतो, व्रणावर व्रण, आणि पंधरा-वीस वर्षांनी माणसाला जिना चढताना धाप लागते. हाच सिलिकोसिस. तो बरा होत नाही.

फॅक्टरी ॲक्टच्या दुसऱ्या परिशिष्टात या धुळीसाठी चक्क एक सूत्र दिलं होतं. कायद्याच्या पुस्तकात भागाकार! श्वासाबरोबर आत जाणाऱ्या धुळीत क्वार्ट्झचं जे टक्केवारी प्रमाण असेल त्यात २ मिळवा आणि १० ला त्याने भागा. उत्तर येईल तितके मिलिग्रॅम एका घनमीटर हवेत चालतील. धुळीत ८ टक्के क्वार्ट्झ असेल तर १ मिलिग्रॅम. जवळजवळ शुद्ध क्वार्ट्झ, ९८ टक्के, असेल तर फक्त ०.१ मिलिग्रॅम. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद, पाच मीटर उंच शेडमध्ये ५०० घनमीटर हवा असते. म्हणजे त्या अख्ख्या शेडच्या हवेत तरंगणारी धूळ ५० मिलिग्रॅमच्या वर गेली की मर्यादा ओलांडली. सूर्यप्रकाशाच्या तिरिपेत धूळ नाचताना दिसत नाही म्हणून हवा स्वच्छ आहे, असं म्हणायला इथे वावच नाही. हवा मोजावी लागते. आणि वाळूवर पाण्याचा फवारा मारणं, धूळ उगमापाशी ओढून घेणारा पंखा बसवणं हे उपाय तोंडावर रुमाल बांधण्यापेक्षा कितीतरी पुढचे, कारण ५ मायक्रॉनच्या कणाला रुमाल म्हणजे उघडं दार.

कामाच्या तासांचंही असंच. २०२३ मध्ये कर्नाटकाने फॅक्टरी ॲक्टमध्ये दुरुस्ती करून, कामगाराची लेखी संमती असेल तर, दिवसाला बारा तासांपर्यंत काम घ्यायची मुभा दिली. आठवड्याचे ४८ तास कायम. स्त्रियांना अटींसह रात्रपाळीही खुली केली. चार दिवस काम, तीन दिवस सुटी, ही मांडणी ऐकायला बरी वाटते. पण झोपेचं शरीरशास्त्र कायद्याला जुमानत नाही. १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये डॉसन आणि रीड यांचा एक छोटा प्रयोग छापून आला. सलग १७ तास जागा असलेल्या माणसाची हात-डोळ्यांची जुळणी, रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी बिघडते. आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा आहे ०.०३. आता हिशेब करा. कलघटगीहून येणारा कामगार पहाटे पाचला उठतो, मोटरसायकल काढतो, आठ ते आठ काम करतो, रात्री दहाला तिच्यावरूनच घरी पोहोचतो. १७ तास भरले. ज्याला ट्रॅफिक पोलीस फुंकर मारायला लावील त्या अवस्थेत तो रस्त्यावर आहे, आणि त्याच्या श्वासाला कसलाही वास नाही.

मग मालकाने तयारी काय करायची? सल्लागार फाइल आणून देईल, त्यात साचेबंद सुरक्षा धोरण असेल, खाली सही करायची जागा असेल. ती फाइल लागणारच आहे, करून टाका. पण तयारी शेडमध्ये फिरून होते, आणि फिरताना बरोबर मॅनेजर नको, सगळ्यात जुना हेल्पर घ्या. कुठल्या मशीनचा आवाज बदललाय, कुठलं गार्ड दर वेळी काढून ठेवावं लागतं आणि का, कोणाच्या बाहीला मागच्या महिन्यात ड्रिलने ओढलं होतं, हे त्याला पाठ असतं. ड्रिलचंच घ्या. मिनिटाला हजार फेरे म्हणजे सेकंदाला सोळा. माणसाला ओढ जाणवून हात मागे घ्यायला सेकंदाचा पाचवा भाग लागतो; तेवढ्यात बाही तीन वेढे गुंडाळली गेली. म्हणूनच फिरत्या यंत्रावर हातमोजे घालू नयेत. हातमोजे दिले की सुरक्षा झाली असं वाटणाऱ्या मालकाला हे ऐकून धक्का बसतो. हातमोजा पत्रा उचलताना मित्र, ड्रिलवर शत्रू.

गार्ड का काढलं जातं हे विचारताना कामगारावर डोळे वटारू नका. प्रेसवर दोन्ही हातांनी दोन बटणं दाबायची पद्धत आली तेव्हा पीसरेटवर काम करणाऱ्यांनी एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवलं आणि एक हात मोकळा केला. यंत्र बनवणाऱ्यांनी त्यांना शिव्या दिल्या नाहीत. त्यांनी जोडणी बदलली: दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत एकदम दाबली गेली पाहिजेत, आणि प्रत्येक फेऱ्यानंतर दोन्ही सुटली पाहिजेत, तरच पुढचा फेरा. चिकटपट्टी निकामी झाली. कामगाराची युक्ती ही यंत्रातल्या उणिवेची तक्रार असते, फक्त ती लेखी नसते.

लेखी तक्रारीसाठी एक वही ठेवा. थोडक्यात वाचलो, असे प्रसंग त्यात लिहायचे, नाव न घालता चालेल. १९३१ मध्ये हाइनरिक नावाच्या अमेरिकन विमा अधिकाऱ्याने मांडलं की एका गंभीर अपघातामागे २९ किरकोळ आणि ३०० बिनइजेचे प्रसंग असतात. त्याचे नेमके आकडे पुढच्या संशोधकांना पटले नाहीत, आणि सेफ्टीच्या पोस्टरवर ते अजून वेदवाक्यासारखे छापले जातात याची मला गंमत वाटते. पण मोठा अपघात आधी छोट्या खुणा करतो, एवढं त्यातून घेण्यासारखं आहे. संहितेने कामगाराला धोका मालकाच्या कानावर घालायचा हक्क दिला आहे. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ च्या दुरुस्तीने हा हक्क धोकादायक कारखान्यांपुरता आला होता; आता तो सगळ्यांना आहे. ज्या मालकाकडे वही नाही त्याला तो हक्क एक दिवस नोटिशीच्या रूपात भेटेल.

सूचनाफलक कामगारांच्या भाषेत हवेत, हे जुन्या कायद्यातही होतं. हुबळीत ती एक भाषा कधीच नव्हती; कन्नड आहेच, पण एकाच शेडमध्ये मराठी, उर्दू, हिंदी आणि अलीकडे ओडियाही ऐकू येते. तिथे चित्र लावा. आणि वीज खेळती आहे तिथे ३० मिलिअँपिअरची गळती झाली की वीज तोडणारा ईएलसीबी बसवा. छातीतून गेलेला ३० मिलिअँपिअरहून थोडा जास्त प्रवाह हृदयाची लय मोडू शकतो, आणि घरातला नऊ वॅटचा एलईडी दिवा साधारण ४० मिलिअँपिअर घेतो. माणूस मारायला एका छोट्या दिव्याइतकी वीज पुरते!

कागदाचंही सांगतो, कारण दंड वाढलेत. माणसं मोजताना ठेकेदाराची माणसं धरूनच मोजा. ठरावीक वयावरच्यांची वर्षाला एकदा मोफत आरोग्यतपासणी मालकाच्या खर्चाने. शंभर कामगार झाले की कॅन्टीन, पन्नासच्या वर पाळणाघर. पाचशे कामगारांच्या कारखान्यात, आणि धोकादायक प्रक्रिया असेल तर अडीचशेलाच, सुरक्षा अधिकारी. चाळीस माणसांच्या युनिटला तो सक्तीचा नाही, पण सक्ती नाही म्हणून चार जणांची सुरक्षा समिती करायला मनाईही नाही. नियमात कसूर झाली तर दोन ते तीन लाखांचा दंड. कसुरीमुळे मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा किमान पाच लाखांचा दंड, किंवा दोन्ही. जुन्या कायद्यात मृत्यूच्या दंडाची किमान रक्कम २५,००० रुपये होती. आणि त्या दंडातला निम्मा किंवा जास्त भाग मृताच्या वारसांना द्यायचा आदेश आता न्यायालय देऊ शकतं.

आणि हे वाचणारे तुम्ही मालक नसून कामगार असाल, तर उद्या कामावर गेल्यावर नेमणूकपत्र मागा. संहितेने प्रत्येक कर्मचाऱ्याला ते द्यायला सांगितलं आहे. संहिता लागू होण्याआधी ज्यांना ते मिळालं नव्हतं त्यांच्यासाठी मालकाला दिलेली मुदत तीन महिन्यांची होती, आणि ती फेब्रुवारी २०२६ मध्ये संपली.